नवमीच्या दिवशी मागचा लाईट

आमच्या घरी खंडेनवमीला हत्यारं झोपतात. हा शब्द बाबांचा. आदल्या संध्याकाळी ते आपली लोखंडी पेटी उघडतात, पाने, पक्कड, हातोडी, कानस, पेचकस एकेक काढून पुसतात, तेलाचं बोट फिरवतात. सकाळी आई पाटावर लाल कापड घालून ती ओळीनं मांडते. शेजारी विळी, सुरी, कात्री आणि माझ्या शिलाई मशीनची सुईसुद्धा. हळद, कुंकू, झेंडूचं फूल, तुपाचा दिवा. त्यानंतर दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी त्यांना हात लावायचा नाही. भाजीही आदल्या दिवशीच चिरून फ्रिजमध्ये ठेवायची. बाबा रेल्वेत वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते, आणि त्या दिवशी तिथेही हातोडीचा आवाज निघत नसे, असं ते सांगतात.

माझ्या लहानपणी मात्र हा नियम एवढा कडक नव्हता. नळ गळायला लागला की बाबा खुशाल पाटावरची पक्कड उचलत, काम करत, पुसून परत जागेवर ठेवत आणि आईला म्हणत, "पाह्य, झोप बी मोडली नाही तिची." आई थोडी बडबडायची, मग हसायची. नियम कडक झाला तो माझा भाऊ गेल्यावर.

माझा धाकटा भाऊ रायपूरबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत, उरल्यात, एका कारखान्यात नोकरीला होता. काही वर्षांपूर्वी खंडेनवमीलाच त्याच्या मोटरसायकलचा मागचा बल्ब गेला. त्याला ड्युटीवर जायचं होतं, तो दारात घाई करत उभा होता, आणि बाबांनी नेहमीसारखा पाटावरचा पेचकस उचलून बल्ब बदलून दिला. दिवाळीच्या आत उरल्याच्या रस्त्यावर एका ट्रकनं त्याला मागून उडवलं. लग्न ठरत आलं होतं त्याचं. तेराव्याच्या आत आईनं कारण शोधून काढलं: नवमीला झोपलेलं हत्यार उठवलं, म्हणून पोरगा गेला. बाबांनी वाद घातला नाही. उलट तेव्हापासून तेच सगळ्यांत कडक झाले. ते दोघं आता चौबे कॉलोनीत आमच्याकडे राहतात, आणि नवमीच्या दिवशी बाबा त्या पाटासमोर खुर्ची टाकून बसतात. पेपरही तिथेच वाचतात.

मी देव मानते. पण देवाला दुसरी कामं नाहीत, तो कोणी पेचकस उचलला यावर पाळत ठेवून बसतो, हे मला पटत नाही. हे मी घरात कधी बोलून दाखवलं नाही. ज्या बाईचा तरुण मुलगा गेला तिच्याशी असल्या गोष्टींवर वाद घालायचा नसतो.

माझा नवराही उरल्यातच जातो. एका रोलिंग मिलमध्ये शिफ्ट सांभाळतो. भाऊ गेल्यावर नोकरी बदल म्हणून मी त्याच्याशी खूप भांडले. तो जन्मापासून रायपूरचा, मराठी कळतं पण उत्तर हिंदीतच देणारा, स्वभावानं अगदी थंड. "दूसरी मिलेगी तो छोड़ दूंगा," म्हणतो. दुसरी मिळालेली नाही. दुपारच्या शिफ्टला तो दीड वाजता निघतो. परत येताना अंधार असतो, आणि त्या रस्त्यावर ट्रकांची धूळ एवढी की चालवणाऱ्याला आपल्या पुढे मोटरसायकल आहे हे फक्त तिच्या मागच्या लाल उजेडावरून कळतं. तो उजेड दिसला तर माझा नवरा घरी येतो. एवढी साधी गोष्ट आहे, आणि या एवढ्याशा लाल ठिपक्यावर माझा जीव टांगलेला असतो.

गेल्या नवमीला तोच ठिपका गेला. आणि गेला तो पूजेपायीच.

झालं असं की गाडीलाही त्या दिवशी हार घालायचा, म्हणून आईनं जावयाला सांगितलं, गाडी चांगली धुऊन काढा. सासूनं सांगितलं म्हटल्यावर हा पठ्ठ्या पाइप लावून अंगणात अर्धा तास गाडीला अंघोळ घालत बसला. फरशीवर साबणाचं पाणी. स्टँड घसरला आणि गाडी मागच्या मागे फाटकाच्या कडीवर आदळली. मागची लाल काच तडकली. गाडी उभी करून लाईट लावून पाहिला तर बल्बही गेलेला. नवऱ्यानं काचेवरून हात फिरवला, गाडीला हार घातला, कुंकू लावलं, नारळ फोडला आणि म्हणाला, "कल बनवा लेंगे. एक दिन में क्या होता है."

एका दिवसात काय होतं हे आमच्या घरात विचारायची गोष्ट आहे का? मी म्हटलं, आज सुट्टी टाक. म्हणाला, अर्धी माणसं नवमीला गावी गेलीत, भट्टी सुरू आहे, मला सोडणार नाहीत. मी म्हटलं, ऑटोनं जा. म्हणाला, जाईन, पण रात्री तिकडून येताना ऑटो तुझे बाबा पाठवतील का? माझी स्कूटर दोन दिवसांपासून दुरुस्तीला पडलेली, आणि मिस्त्रीनं नवमीचं कुलूप लावलेलं. मी बाबांकडे पाहिलं. ते पाटासमोरच्या खुर्चीत बसून पेपर वाचत होते. काय झालं ते त्यांनी ऐकलं होतं, कारण पान उलटत नव्हते.

"बाबा, दोन पेच काढायचे आहेत फक्त. पेचकस द्या."

त्यांनी वर पाहिलं नाही. "आज नाही."

"तो कसा येईल रात्री?"

"आज नाही म्हटलं ना."

आई दिव्यात तूप घालत होती. ती म्हणाली, "एकदा उठवलं तं काय झालं ते पाह्यलं ना तू? आता अजून काय पाहाचं राह्यलं?" आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर मीही चढवला असता, आणि बरं झालं असतं.

मी चप्पल घातली आणि निघाले. घड्याळात साडेअकरा. बल्ब आणि काच तात्यापाऱ्याच्या बाजारात मिळेल, लावून कुणाकडून तरी घेता येईल, असा माझा विचार. ई-रिक्षा मिळाली तीही झेंडूच्या माळांनी सजलेली, चालवणारा प्रत्येक देवीच्या मांडवासमोर हळू करून हात जोडत होता. मला ओरडावंसं वाटत होतं. दर मांडवाला माझ्या वाट्याची मिनिटं जात होती.

स्पेअर पार्टच्या दुकानाचं शटर अर्धं उघडं होतं. मालकानं बल्ब दिला, लाल काच दिली. मी म्हटलं, भैया, गाडी घेऊन आले तर लावून द्याल? त्यानं मागे बोट दाखवलं. त्याचेही पाने एका स्टुलावर कुंकू लावून बसलेले. "सामान ले जाओ दीदी, पर आज पेचकस को हाथ नहीं लगाऊंगा." पुढे दोन मिस्त्री होते, दोघांची दुकानं बंद. अख्ख्या शहरातली हत्यारं झोपली होती आणि जागी होते मी एकटी. मग मला शेजारचं हार्डवेअरचं दुकान दिसलं आणि इतकी साधी गोष्ट आधी कशी सुचली नाही म्हणून मी स्वतःलाच दोन शिव्या दिल्या. नवा पेचकस विकत घेतला. याची पूजा झालेली नाही, हा झोपलेला नाही, याला कोण अडवणार?

आईनं अडवलं. मी फाटकातून आत येते तोवर तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली, पेचकस काढला, आणि मी "अगं, अगं" म्हणेपर्यंत त्याला हळद-कुंकू लावून पाटावर निजवलासुद्धा. "नवं हत्यार घरात आलं, तं आधी पूजेत बसन का नाही? काहून अशी करून राहिली तू?" तिच्या दृष्टीनं ती माझं भलंच करत होती. मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्हींपैकी काही करायला वेळ नव्हता.

शेजारच्यांची बेल वाजवली. ते गावी गेलेले. वरच्या भाडेकरूंकडे चढले. त्यांच्याकडे पेचकस नव्हता, काही बिघडलं की ते फोन करून माणूस बोलावतात. साडेबारा होऊन गेले होते. नवरा जेवायला बसला होता, शांतपणे पुरी मोडत होता. त्याचं ते शांत जेवण पाहून माझं डोकं फिरलं. "तुला काहीच वाटत नाही का?" मी विचारलं. तो म्हणाला, "मम्मी-बाबा का दिल दुखा के निकलूं, उससे तो बिना लाइट का जाना अच्छा." त्याला खरंच तसं वाटत होतं. माझा भाऊ गेल्यापासून या घरात तो जावई कमी आणि मुलगा जास्त झालाय. म्हणून तर मला त्याच्या जिवाची जास्त भीती वाटते.

मी अंगणात गाडीमागे उकिडवी बसले. काचेला दोन पेच होते, चांदणीच्या तोंडाचे. नाणं लावून पाहिलं, बसेना. चमच्याचा दांडा लावला, घसरला. केसातली पिन लावली, वाकली. बटाटे सोलायच्या सालकाढणीचं टोक लावलं. आईच्या यादीत सालकाढणी हत्यार नाही, ही तिची चूक. पेच जरासा हलल्यासारखा वाटला आणि टोक सटकून माझ्या बोटात गेलं. रक्त आलं. पेचाचं तोंड घासून गुळगुळीत व्हायला लागलं होतं. अजून दोनदा असं झालं असतं तर पेचकस मिळूनही पेच निघाला नसता. मी ओलं बोट तोंडात धरून बसले आणि मला माझ्या भावाचं पायताण आठवलं. रस्त्यावर एक राहिलं होतं, पोलिसांनी आणून दिलं होतं. दुसरं कधी मिळालं नाही. मला तसलं पायताण परत घरात नको होतं. देव रागावला तरी चालेल, आई आयुष्यभर बोलली नाही तरी चालेल, पण ते नको होतं.

मी उठले, आत गेले आणि पाटावरचा तो नवा पेचकस उचलला. त्याच्यावरचं झेंडूचं फूल खाली पडलं. आईच्या हातातली वाटी तशीच राहिली. मी बाबांकडे बघितलं, ते अडवतील म्हणून. त्यांनी अडवलं नाही. ते पेपरची घडी घालत होते.

आईचा आवाज मला अंगणात ऐकू आला. "एक पोरगा घेतला देवानं, तरी पोट नाही भरलं काय तुमचं." हे ती कुणाला म्हणाली कळलं नाही. मला, बाबांना की पाटाला.

पेचकसाची मूठ हळदीनं निसटत होती. मी ती ओढणीनं पुसली आणि जोर लावला. पहिला पेच निघाला. दुसरा कुरकुरत निघाला. तडकलेली काच काढली, जुना बल्ब दाबून फिरवून काढला. ही कामं मी लहानपणी बाबांच्या शेजारी बसून शंभरदा पाहिली होती. नवा बल्ब घातला. तो बसेना. फिरवला, तरी बसेना. आता एक वाजून गेला होता. अंगठ्यानं जोर लावला, कट्ट असा आवाज झाला आणि बसला. नवी काच लावली, पेच आवळले. "आ," मी नवऱ्याला हाक मारली, "चालू कर."

त्यानं गाडी सुरू केली, लाईट लावला. लख्ख लाल उजेड पडला. दुपारच्या उन्हातही नीट दिसत होता, आधीपेक्षा किती तरी जास्त. माझे डोळे भरून आले. मी त्या काचेवर हात ठेवला. नवरा हसून म्हणाला, "वाह, मिस्त्री," आणि डबा आणायला आत निघाला.

"जावईबापू, थांबा," बाबा म्हणाले. ते दारात येऊन उभे होते. नवमीच्या दिवशी खुर्ची सोडून ते पहिल्यांदाच बाहेर आले होते. "ब्रेक दाबा."

नवऱ्यानं दाबला.

"सोडा. पुन्हा दाबा."

बाबा ओल्या फरशीवर खाली बसले आणि दोन्ही तळवे त्या काचेभोवती धरून, ऊन अडवून पाहू लागले. मीही वाकून पाहिलं. ब्रेक दाबला तरी उजेड तेवढाच, सोडला तरी तेवढाच. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. दिवा तर लागला होता.

बाबा नवऱ्याला म्हणाले, "तुम्ही डबा घेऊन या. तोवर होते." तो आत गेला. मग ते मला म्हणाले, "उघड."

मी पेच काढले, काच काढली, बल्ब काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उन्हात धरला. "खिळे पाह्य याचे," ते म्हणाले. बल्बच्या बुडाला दोन बाजूंना दोन बारीक खिळे होते. "एक वर, एक खाली. आत दोन तारा आहेत. बारीक रोजची, मोठी ब्रेकची. खिळे वर-खाली काहून, तं उलटा बसू नये म्हणून. पण होल्डर घासलेला असला अन् जोर लावला, तं उलटाच बसते. मग मोठी तारच सारखी जळत राह्यते. पाहणाऱ्याले वाटते, वा, काय उजेड पडला. अन् ब्रेक मारला तं मागच्याले काही समजतच नाही."

मी बल्ब घेतला, फिरवला आणि घातला. या वेळी जोर न लावता बसला. मला स्वतःचीच भीती वाटली. याच गाडीवर बसवून मी नवऱ्याला हसत हसत पाठवणार होते. "बरं झालं तुम्ही आलात," मी म्हटलं.

ते उठले नाहीत. पेच आवळणाऱ्या माझ्या हाताकडे बघत म्हणाले, "त्याचा बी मी असाच बसवला होता."

माझा हात थांबला.

"मोतीबिंदू होता तेव्हा. अन् तो घाई करून राह्यला होता, बाबा लवकर, बाबा लवकर. बसत नव्हता तं मी दाबला. पोलीस ठाण्यात तो ट्रकवाला काय म्हणत होता? ब्रेक मारलेला समजलाच नाही म्हणत होता. आपण साऱ्यांनी शिव्या घातल्या त्याले. तू तं मारायले धावली होती." ते थांबले. "गाडी सोडवून आणली ना, तं मी रात्री उघडून पाह्यली. काच नव्हती. बल्ब फुटला होता. पण बूड होल्डरातच होतं. उलटं."

तुमचा दोष नाही, म्हणायचं? अपघात कसा झाला ते कुणी पाहिलं होतं? हे सगळं माझ्या तोंडापर्यंत आलं आणि खोटं वाटलं. मी एवढंच विचारलं, "आईला?"

"तुझी आई तेव्हाच म्हणाली, नवमीले हत्यार उठवलं म्हणून देवानं नेलं. मी हव म्हणून मान हलवली. देवानं नेलं, हे तिले सोसते. मी नेलं, हे कसं सोसन?"

ते त्या खुर्चीत बसून कशाची राखण करत होते ते मला तेव्हा कळलं. घरातल्या कुणीही त्यांना पुन्हा कधी "बाबा, जरा एवढं लावून द्या" म्हणू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

नवरा डबा घेऊन आला. गाडी सुरू केली. बाबा म्हणाले, दाबा. बारीक उजेड एकदम मोठा झाला. सोडा. लहान झाला. बाबांनी ते पुन्हा पुन्हा करायला लावलं, नवरा न कंटाळता करत राहिला. मग तो निघाला. गल्लीच्या वळणावर त्यानं ब्रेक मारला तेव्हा ती काच लाल झालेली आम्हाला दोघांना दिसली. तो रात्री सुखरूप घरी आला, हे आत्ताच सांगून टाकते. उगाच कुणाचा जीव टांगणीला लावण्यात अर्थ नाही, तो काय असतो ते मला माहीत आहे.

आम्ही अंगणातच होतो तेवढ्यात आई बाहेर आली. तिच्या हातात हळद-कुंकवाची वाटी होती. तिनं माझ्या हातातून पेचकस घेतला, पदरानं पुसला, पुन्हा कुंकू लावलं. माझ्याकडे पाहिलंच नाही. बाबांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तुमच्या डोळ्यांदेखत उचलला पोरीनं. तुम्ही पाहात बसले. त्या वर्षी तुम्ही, अन् आता ही. तुमच्याच्यानं झालं ना सारं?"

मी तोंड उघडलं. बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि मी ते मिटलं.

"हव," ते आईला म्हणाले, "माझ्याच्यानंच झालं."

"मी तं तेव्हापासूनच म्हणून राह्यली," आई म्हणाली, आणि तिनं हात देऊन त्यांना ओल्या फरशीवरून उठवलं.